दडपणाखालचा पिचर, दडवलेला आजार

१० ऑक्टोबर १९२६, रविवार. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर ढगाळ, गारठलेली दुपार. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि शेवटचा सामना सुरू होता. न्यूयॉर्क यांकीज आणि सेंट लुई कार्डिनल्स यांनी तीन-तीन सामने जिंकले होते, त्यामुळे विजेता याच सामन्यात ठरणार होता. कार्डिनल्स ३-२ असे एकाच धावेने पुढे होते, आणि सातव्या डावात त्यांचा पिचर जेसी हेन्स याच्या बोटावर फोड आला. त्याचा हुकमी चेंडू बोटांच्या पेरांनी दाबून टाकावा लागे. त्या बोटांनी आता तो टाकता येईना. दोन गडी बाद झाले होते, पण यांकीजचे तीन धावक तिन्ही बेसवर उभे होते.

बेसबॉल न पाहणाऱ्यांनी क्रिकेटमधला शेवटच्या षटकाचा प्रसंग आठवावा. विजयासाठी चार धावा हव्यात, चेंडू मोजके उरलेत, आणि कर्णधार मुख्य गोलंदाजाला थांबवून चेंडू दुसऱ्याच्या हातात देतो. बेसबॉलमध्ये अशा वेळी मैदानात येणाऱ्याला रिलीफ पिचर म्हणतात. आज प्रत्येक संघाकडे या कामासाठी राखून ठेवलेले तज्ज्ञ असतात. ते एखादा डाव टाकतात आणि त्याचेच मानधन घेतात. १९२६ मध्ये अशी पद्धत जवळपास नव्हती. वॉशिंग्टनच्या फर्पो मारबेरीसारखा एखादा अपवाद सोडला, तर सामना सुरू करणाऱ्यानेच तो संपवायचा, असा रिवाज होता. मध्येच बोलावणे म्हणजे आणीबाणी.

कार्डिनल्सचा व्यवस्थापक आणि स्वतः मैदानात खेळणारा रॉजर्स हॉर्न्सबी याने त्या क्षणी ज्याला बोलावले, तो ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर ३९ वर्षांचा होता. आदल्याच दिवशी सहाव्या सामन्यात पूर्ण नऊ डाव टाकून त्याने संघाला जिंकून दिले होते. महायुद्धातल्या तोफांनी त्याचा एक कान बधिर केला होता. तो दारू पितो हे सगळ्या अमेरिकेला ठाऊक होते. त्याला फेफरे येते हे मात्र फार थोड्यांना माहीत होते. समोर बॅट घेऊन उभा होता बावीस वर्षांचा टोनी लाझेरी, आणि त्यालाही फेफऱ्याचा आजार होता. हजारो प्रेक्षक ज्या दोघांकडे श्वास रोखून पाहत होते, त्या दोघांच्याही मेंदूत एकच दुखणे होते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

अलेक्झांडरचा जन्म २६ फेब्रुवारी १८८७ रोजी नेब्रास्का राज्यातल्या एल्बा या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे तेरा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचे नाव मुलाला दिले गेले. उंच, हडकुळा मुलगा, लांब हात आणि दगड भिरकावण्याचा नाद. काही काळ तो टेलिफोन कंपनीत तारांच्या कामावर होता आणि सुटीच्या दिवशी आसपासच्या गावांत बेसबॉल खेळे. १९०९ मध्ये इलिनॉयमधल्या गेल्सबर्गच्या छोट्या व्यावसायिक संघाने त्याला घेतले. तिथेच पहिला आघात झाला.

एका सामन्यात तो दुसऱ्या बेसकडे धावत होता. प्रतिस्पर्ध्याने पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू थेट त्याच्या डोक्यावर आदळला. तेव्हा हेल्मेट नव्हते. दोन दिवसांहून अधिक काळ तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याला प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसत होती. डोळे हलवणाऱ्या स्नायूंच्या नसांना किंवा त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाला धक्का बसला, की दोन्ही डोळे एकाच बिंदूवर रोखता येत नाहीत आणि प्रतिमा दुहेरी दिसते. पिचरसाठी हे म्हणजे करिअरच संपल्यासारखे, कारण अठरा मीटरवरच्या कॅचरच्या एका हातमोज्याऐवजी दोन दिसणार. गेल्सबर्गने त्याला दुसऱ्या संघाला विकले, त्या संघाने तिसऱ्याला. हिवाळ्यात तो नेब्रास्कात चेंडू टाकत राहिला, आणि काही महिन्यांनी दोन प्रतिमांची एक झाली. नसांवरची सूज उतरून असे आपोआप बरे होण्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. १९१० मध्ये सिराक्यूजकडून खेळताना त्याने २९ सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया फिलीजने त्याला मोठ्या लीगमध्ये आणले.

पुढची सात वर्षे भराभर सांगता येतात, कारण त्यांत यशाशिवाय काही नाही. पहिल्याच हंगामात २८ विजय. १९१५ मध्ये ३१, १९१६ मध्ये ३३, १९१७ मध्ये ३०. १९१६ मधल्या १६ सामन्यांत तर त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही आणि आजच्या पद्धतीत मोडला जाईल असे वाटतही नाही. त्याच्याकडे आडदांड वेग नव्हता. त्याचे सामर्थ्य नेमकेपणात होते. हात फारसा न फिरवता, पाऊल फार पुढे न टाकता तो चेंडू बॅटरच्या गुडघ्याजवळ, पट्टीच्या अगदी कडेला ठेवी. हालचाल जेवढी थोडी, तेवढ्या चुकीच्या जागा थोड्या. लोक त्याला अलेक्झांडर द ग्रेट म्हणू लागले. जवळच्यांसाठी तो पीट होता.

१९१७ च्या अखेरीस, अमेरिका महायुद्धात उतरल्यावर, फिलीजच्या मालकाने त्याला शिकागो कब्जला विकून टाकले. सैन्यात बोलावणे येईल आणि गुंतवलेले पैसे बुडतील, हा हिशेब त्यामागे होता. बोलावणे आलेच. शिकागोकडून तीन सामने खेळून १९१८ मध्ये तो सैन्यात गेला. कॅन्ससमधल्या प्रशिक्षण छावणीत असताना त्याने एमीशी लग्न केले आणि लगेच फ्रान्सच्या आघाडीवर गेला. त्याची नेमणूक ३४२ व्या फील्ड आर्टिलरीत, म्हणजे तोफखान्यात.

तोफेचा प्रत्येक बार म्हणजे हवेच्या दाबाची एक लाट. ती कानाच्या पडद्यावर आणि आतल्या केसासारख्या नाजूक पेशींवर आदळते. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अलेक्झांडरचा डावा कान कायमचा गेला. तोफेची दोरी ओढून ओढून उजव्या हाताचे स्नायू दुखावले, तोच हात ज्यावर त्याचे पोट होते. दुसऱ्या कानाला धातूचा तुकडा लागला. मनावर झालेल्या आघाताला तेव्हा शेल शॉक म्हणत. सततच्या स्फोटांनंतर माणसाचे हात थरथरतात, झोप उडते, साध्या आवाजानेही तो दचकतो, असे त्याचे वर्णन डॉक्टरांनी केले होते, पण उपचार म्हणावेत असे काही हाती नव्हते. युद्ध संपल्यावर मायदेशी परतलेल्या अलेक्झांडरला फेफऱ्याचे झटके येत असत.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. एरवी या संदेशांना शिस्त असते. काही पेशींचा गट अचानक एकाच वेळी, एकाच लयीत संदेश सोडू लागला की झटका येतो. शरीर ताठ होते, हातपाय झटकले जातात, शुद्ध हरपते. डोक्याला मार लागल्यावर मेंदूत जो व्रण राहतो, तो अशा गोंधळाचे केंद्र बनू शकतो, आणि हे काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही होऊ शकते. अलेक्झांडरच्या बाबतीत मूळ १९०९ च्या चेंडूत होते, फ्रान्समधल्या स्फोटांत होते की दारूत, हे आज ठरवता येणार नाही. मेंदूतल्या विजेचा आलेख काढण्याची ईईजीची पद्धत जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. अलेक्झांडर ऐन भरात असताना असा तपास जगात कुठेच उपलब्ध नव्हता.

औषधांचीही तीच गत होती. ब्रोमाइड होते, १९१२ पासून फेनोबार्बिटल होते, आणि दोन्हींनी माणूस सुस्त होई. झोप न आणणारे फेनिटॉइन हे औषध १९३८ मध्ये आले, तोवर त्याचा खेळ संपून आठ वर्षे झाली होती. त्याच्या काळात झटका आला की नाकाशी अमोनिया धरायचा, हा उपाय सर्रास चाले. आपल्याकडे कांदा किंवा चप्पल हुंगवतात, तोच हा प्रकार, आणि उपयोगही तेवढाच, म्हणजे शून्य. झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतो, आणि श्रेय कांद्याला जाते. करायचे ते इतकेच: माणसाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, आणि झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला तर रुग्णवाहिका बोलवावी.

अलेक्झांडरने स्वतःचे औषध शोधले होते, ते म्हणजे दारू. हे औषध कसे फसवते, हे समजून घेण्यासारखे आहे. मद्य मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनांचा जोर वाढवते, म्हणून पहिल्या काही तासांत बरे वाटते. रोज पिणाऱ्याचा मेंदू या जादा शांततेची भरपाई करायला शिकतो आणि स्वतःला अधिक उत्तेजित ठेवतो. मग दारू उतरली की ती उत्तेजना तेवढी उरते आणि झटक्याची शक्यता वाढते. पिणे अचानक थांबवल्यानंतरच्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत हा धोका सर्वाधिक. त्यात जागरण आले, संघाबरोबर रात्रीचे रेल्वेप्रवास आले. झटक्याच्या भीतीने प्यायचे, आणि प्यायल्यामुळे झटका यायचा, असे ते चक्र होते.

आणखी एक गोष्ट होती. झटका ओसरल्यावर काही वेळ माणूस गोंधळलेला असतो, जीभ जड होते, तोल जातो. अनोळखी माणसाला तो प्यायलेलाच वाटतो. अलेक्झांडर पितही असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली जमा झाल्या. एमीच्या सांगण्यानुसार त्याला ते एका परीने सोयीचेही होते. फेफरे येते हे कळण्यापेक्षा लोकांनी दारुडा म्हटलेले त्याला चालत असे.

आज हे विचित्र वाटेल, पण त्या काळाच्या अमेरिकेत त्याला कारण होते. फेफरे असलेल्यांच्या लग्नावर बंदी घालणारा कायदा कनेक्टिकट राज्याने १८९५ मध्येच केला होता आणि इतर अनेक राज्यांनी तो कित्ता गिरवला. अशा रुग्णांना मतिमंद म्हणवल्या जाणाऱ्यांबरोबर वेगळ्या वसाहतींत ठेवले जाई. दारुड्या खेळाडूला मालक दंड करी, समज देई, हसून सोडूनही देई. फेफरे येणाऱ्या खेळाडूला नोकरी राहिली नसती. आपल्यालाही यावर नाक मुरडण्याचा फारसा अधिकार नाही. हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके हा विवाहातला अडथळा मानला जात होता आणि ती तरतूद १९९९ मध्ये काढली गेली.

शिकागोत तो १९२० मध्ये २७ सामने जिंकला, पण हळूहळू हात थकला आणि बाटली वाढली. १९२६ मध्ये जो मॅकार्थी हा नवा, शिस्तीचा व्यवस्थापक आला. दोघांचे जमले नाही. जून महिन्यात कब्जने अलेक्झांडरला सोडून दिले आणि कार्डिनल्सने त्याला किरकोळ रकमेत उचलले. उरलेल्या हंगामात त्याने नऊ सामने जिंकले आणि सेंट लुईने पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज गाठली. तिथे दुसऱ्या सामन्यात त्याने बेब रुथ आणि लू गेरिग यांच्या यांकीजचे शेवटचे एकवीस बॅटर ओळीने बाद केले. सहावा सामनाही जिंकला. त्या रात्री तो प्यायला की नाही, याच्या डझनभर कथा आहेत. कुणी म्हणे रात्रभर पीत होता, कुणी म्हणे लवकर झोपला. सातव्या सामन्यात तो मैदानाबाहेरच्या सरावाच्या जागेत डुलक्या घेत होता, हीही एक कथा. प्रसंग जितका मोठा, तितक्या लोकांनी तो जवळून पाहिलेला असतो.

निश्चित आहे ते एवढे, की तो घाई न करता आला. डोक्यावर नेहमीप्रमाणे एक माप लहान वाटणारी टोपी होती. हॉर्न्सबी पुढे जाऊन त्याला भेटला आणि त्याचे डोळे ठीक दिसतात का ते पाहिले. मोजकेच सरावाचे चेंडू टाकून तो उभा राहिला.

या क्षणी शरीरात काय चालते, याचा अभ्यास तेव्हा सुरू झालेला होता. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये दाखवून दिले होते, की धोका दिसताच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, हृदय जोरात धडधडते आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. पळायला किंवा लढायला हे उत्तम. पण पिचरचे काम बोटांच्या टोकांवर चालते. चेंडू बोटांतून क्षणाच्या एका लहानशा भागाने उशिरा सुटला तरी तो अपेक्षित जागेपासून वीतभर खाली जातो. रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक बाब दिसली होती. थोडी उत्तेजना शिकण्याला मदत करते, पण काम जितके अवघड, तितकी ती मदत लवकर संपते आणि उत्तेजना उलटते.

नंतरच्या संशोधकांनी यात भर घातली. दडपणाखाली माणूस का कोसळतो, याचे एक उत्तर रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ मध्ये मांडले: तो स्वतःकडे पाहू लागतो. हजारो वेळा केलेली हालचाल मेंदूने बिनबोभाट सोपवून दिलेली असते. दडपण आले की माणूस ती पुन्हा हाती घेऊ पाहतो, तिचे तुकडे करतो, आणि लय मोडते. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसे ठेवायचे याचा विचार करून पाहावा, ठेच लागते. रॉब ग्रे यांनी २००४ मध्ये हेच बेसबॉलच्या बॅटरवर तपासले. चेंडू खेळत असताना आपली बॅट कोणत्या दिशेला जाते आहे याकडे लक्ष द्यायला सांगितले, तर चांगल्या खेळाडूंचा खेळ बिघडला. कुठलासा आवाज उच्च आहे की खालचा, हे ओळखायला सांगितले तेव्हा त्यांचे फारसे बिघडले नाही. नवशिक्यांच्या बाबतीत उलटे झाले.

अलेक्झांडरची पद्धत या कसोटीवर विलक्षण बसते. हालचाल तोकडी, तुकडे करायला जागाच थोडी. सतरा वर्षे एकच क्रिया. तो नेहमीच भराभर सामने उरकणारा पिचर होता, दोन चेंडूंच्या मध्ये विचार करत बसण्याची त्याला सवय नव्हती. काही जण याच्याही पुढे जातात आणि म्हणतात, की ज्याला कुठल्याही क्षणी स्वतःच्या शरीराचा ताबा सुटण्याची भीती असते, त्याला चाळीसेक हजार लोकांची काय भीती वाटणार. कल्पना आकर्षक आहे. तिला पुरावा मात्र नाही. आजाराने माणूस धीट होतो असे वैद्यकाने कुठे दाखवलेले नाही, उलट फेफऱ्याच्या रुग्णांत चिंता आणि नैराश्य अधिक आढळते.

लाझेरीची बाजूही पाहायला हवी. बॅटरवरचे दडपण कमी नसते. तो त्याच वर्षी यांकीजमध्ये आला होता आणि पहिल्याच हंगामात त्याने ११४ धावा घडवून आणल्या होत्या. त्याआधीच्या वर्षी पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये सॉल्ट लेक सिटीकडून त्याने ६० होम रन मारले होते. तो कच्चा गडी नव्हता. आणि सुरुवातीच्या एका चेंडूवर त्याने घाव घातलाच. चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. रेषेच्या आत पडता तर चार धावा झाल्या असत्या आणि यांकीज ६-३ ने पुढे गेले असते. तो पडला काही फूट बाहेर. फाउल. पुढच्या चेंडूला अलेक्झांडरने बाहेरच्या बाजूला खाली वळणारा कर्व्ह टाकला. लाझेरीची बॅट हवेतून फिरली. तिसरा स्ट्राइक. डाव संपला.

आठव्या डावात तिघे ओळीने बाद. नवव्यात दोन बाद झाल्यावर रुथ आला आणि चार वाइड चेंडूंवर त्याला पहिला बेस मिळाला. मग रुथने अनपेक्षितपणे दुसरा बेस चोरण्याचा प्रयत्न केला, कॅचर बॉब ओ’फॅरेलचा चेंडू हॉर्न्सबीच्या हातात आला आणि रुथ धावबाद झाला. सिरीज संपली. ज्याला आज रिलीफ पिचरचा सेव्ह म्हणतात, तो आकडा अधिकृत व्हायला १९६९ साल उजाडावे लागले, पण या खेळातला सर्वांत प्रसिद्ध सेव्ह त्या दुपारचाच.

त्या फाउल चेंडूबद्दल पुढे अलेक्झांडर स्वतः म्हणत असे, की ते काही फूट नसते तर तो नायक ठरलाच नसता. दडपणाच्या संशोधनातली सर्वांत अवघड गाठ त्याने सहज सांगितली होती. ऐन वेळी फुलणारे आणि ऐन वेळी कोसळणारे अशी माणसांची दोन जातींत विभागणी सगळ्यांनाच आवडते. आकडे मात्र तिला फारशी साथ देत नाहीत. रिचर्ड क्रेमर यांनी १९७७ मध्ये बॅटरांचे दोन हंगाम शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा एका वर्षी मोक्याच्या क्षणी चमकलेले दुसऱ्या वर्षीही चमकतीलच असे दिसले नाही. बाद फेरीचे सामने मुळात थोडे, त्यात रिलीफ पिचरच्या वाट्याला येणारे चेंडू आणखी थोडे. इतक्या थोड्या नमुन्यात नशीब आणि स्वभाव वेगळे काढता येत नाहीत. यांकीजचाच मारियानो रिव्हेरा हा अपवाद वाटावा असा. वर्षानुवर्षे बाद फेरीत खेळून १४१ डावांत त्याची सरासरी ०.७० होती. इतका मोठा नमुना दुसऱ्या कुणाचा नाही, आणि २००१ च्या सातव्या सामन्यात शेवटच्या डावात तोही हरला.

अलेक्झांडरचा स्वतःचा दाखला तर दोनच वर्षांत मिळाला. १९२७ मध्ये त्याने २१ सामने जिंकले, १९२८ मध्ये १६, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये पुन्हा समोर यांकीज. तोच माणूस, तोच शांत चेहरा, तोच कर्व्ह. दुसऱ्या सामन्यात पहिल्याच डावात गेरिगने त्याला तीन धावांचा होम रन मारला आणि तिसऱ्या डावात त्याला काढावे लागले. चौथ्या सामन्यात रिलीफ पिचर म्हणून आला, तिथेही मार खाल्ला. सिरीजमध्ये एकूण पाच डावांत अकरा धावा. यांकीज ४-० ने जिंकले. १९२६ च्या चेंडूंवरून त्याच्या नसा पोलादी आहेत असे म्हणणाऱ्यांनी १९२८ नंतर त्या गंजल्या असे म्हटले. चाळिशी उलटलेला, थकलेला खांदा हे साधे कारण कुणाला पुरेसे वाटले नाही.

लाझेरीचेही तसेच. भरलेल्या बेसवर चुकलेला म्हणून त्याचे नाव झाले होते. २४ मे १९३६ रोजी त्याच लाझेरीने एकाच सामन्यात दोनदा भरलेल्या बेसवर होम रन मारले. मोठ्या लीगमध्ये असे करणारा तो पहिलाच. त्याला मैदानावर कधीही झटका आला नाही. १९४६ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, तो घरी जिन्यावरून पडून मृतावस्थेत सापडला. हृदयविकार असे निदान झाले, फेफऱ्याचा संशय अनेकांच्या मनात राहिला.

अलेक्झांडरची उतरण लांब आणि वाईट होती. १० ऑगस्ट १९२९ रोजी फिलाडेल्फियात रिलीफ पिचर म्हणूनच त्याने कारकिर्दीतला ३७३ वा विजय मिळवला. काही दिवसांत कार्डिनल्सने पिण्याच्या कारणावरून त्याला घरी पाठवले. १९३० मध्ये फिलीजने शेवटची संधी दिली, तीन सामने हरल्यावर तीही संपली. एमीने त्याच्याशी दोनदा लग्न केले आणि दोनदा घटस्फोट घेतला. हाउस ऑफ डेव्हिड या दाढीवाल्यांच्या फिरत्या संघाबरोबर तो गावोगाव खेळला, तिथे दाढी न ठेवण्याची सवलत त्याला होती. नंतर न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळ एका प्रदर्शनात, जिथे पिसवांची सर्कस दाखवत, तिकीट काढून येणाऱ्यांना तो लाझेरीला कसे बाद केले याची गोष्ट सांगे. दिवसातून किती वेळा ती सांगावी लागे, कुणास ठाऊक. पुढे कर्करोगामुळे एक कान काढावा लागला. ४ नोव्हेंबर १९५० रोजी नेब्रास्कातल्या सेंट पॉल गावी, भाड्याच्या खोलीत, वयाच्या ६३ व्या वर्षी तो मरण पावला. महिन्याभरापूर्वीच तो वर्ल्ड सिरीज पाहायला यांकी स्टेडियमवर जाऊन आला होता.

दोन वर्षांनी हॉलिवूडने त्याच्यावर द विनिंग टीम हा चित्रपट काढला. अलेक्झांडरची भूमिका रोनाल्ड रेगन यांनी केली, एमीची डोरिस डे यांनी, आणि खरी एमी सल्लागार होती. नायकाला भोवळ येते, दिसेनासे होते, लोक त्याला दारुडा समजतात, इतके सगळे पडद्यावर आहे. आजाराचे नाव मात्र चित्रपटात एकदाही उच्चारलेले नाही. स्टुडिओला ते नको होते आणि रेगन यांना त्याची खंत पुढे अनेक वर्षे राहिली.

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये अलेक्झांडरची निवड १९३८ मध्ये झाली. त्याच्या नावाच्या कांस्याच्या पाटीवर ३७३ विजयांचा आकडा नाही, १६ शून्यांचा विक्रमही नाही. १९२६ साली भरलेल्या बेसवर लाझेरीला बाद करून अजिंक्यपद जिंकून दिले, हे मात्र आहे. लाझेरीची स्वतःची निवड १९९१ मध्ये झाली. तोवर पन्नासहून अधिक वर्षे त्याचे नाव त्या इमारतीत होते, दुसऱ्याच्या पाटीवर.